परतीची मूठ

वाळवंटाकडे जाणारी एक गाडी आठवड्यातून दोनदा कल्याणला थांबते. आमचे शेठ तिला भूतगाडी म्हणायचे. मी उल्हासनगरात त्यांच्या तिकिटांच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसते. लग्नाच्या आधीपासून बसते, त्यामुळे या गाडीशी माझी ओळख नवऱ्याच्या ओळखीपेक्षा जुनी आहे. कुणी तिचं तिकीट मागितलं की तारीख टाकायची आणि पडद्यावर हिरव्या अक्षरांत जागाच जागा. उद्याचं पाहिजे? घ्या. खिडकी पाहिजे? घ्या. गिऱ्हाईक ठरलेलं असायचं. लग्नाला निघालेली मारवाडी कुटुंबं, सुट्टी संपवून ड्युटीवर परतणारे फौजी, आणि आमच्या उल्हासनगरातले म्हातारे सिंधी, ज्यांचं कुणी ना कुणी तिकडे सरहद्दीजवळच्या गावात राहतं. “बेटा, इस गाडी में तो पूरा खानदान कबड्डी खेल ले,” असं शेठ म्हणायचे आणि स्वतःच हसायचे.

आमचे हे अंबरनाथच्या एमआयडीसीत फिटर होते. एका केमिकल कंपनीत कायम, आणि वर्षातून दोन-तीन वेळा शटडाऊनला. शटडाऊन म्हणजे काय ते आमच्याकडे पोरासोरांनाही माहीत असतं. कुठली तरी मोठी रिफायनरी दुरुस्तीसाठी बंद ठेवतात, तेव्हा अंबरनाथ, उल्हासनगरहून फिटर, वेल्डर, अवजड सामान उचलणारे रिगर यांची टोळी तिथं जाते. रात्रंदिवस काम चालतं, आणि प्लँट पुन्हा सुरू झाला की टोळी घरी. तारीख कुणी विचारत नाही. बायका एकमेकींना विचारतात ते एवढंच, “प्लँट सुरू झाला का?” झाला असेल तर संध्याकाळच्या भाजीत एक वाटी वाढवायची. शटडाऊनला गेलेल्या माणसासाठी कुणी रडत नाही. रडली तर शेजारीण हसते.

आम्ही बदलापूर पश्चिमेला हेंद्रेपाड्यात राहतो, वन रूम किचन. सासूबाई मात्र सोनिवलीला, त्यांच्या घरात. भोवती टॉवर उठले, त्यांच्या अंगणात आता दुपारनंतर ऊन येत नाही, पण त्या हलायला तयार नाहीत. भाताचं एक खाचर अजून राखून आहेत. हे शटडाऊनला निघाले की त्या घरच्या तांदळाची पुरचुंडी बांधून द्यायच्या. तांदूळ लालसर, जाड. कॅन्टीनच्या भाताला कंटाळले की यांनी तो खोलीवर शिजवायचा. पण सगळा संपवायचा नाही. मूठभर पुरचुंडीत राखायचा, परत आणायचा, आणि ज्यानं नेला त्यानं आपल्या हातानं कोठीत टाकायचा. त्यांच्या सासऱ्यांच्या काळापासून त्या घरात हे चालत आलंय. सासूबाई म्हणायच्या, “मूठ कोठीची हाय, ती कोठीत आली पायजे. तिच्या मागं मानूस येतो.”

आणि आल्यावर दारात पाय धुणं. तांब्याभर पाणी सासूबाई स्वतः पायांवर ओतणार, शेवटच्या थेंबापर्यंत. तोवर उंबऱ्याच्या आत पाऊल नाही. मी एकदा थट्टेनं म्हटलं होतं, “आई, मी पण रोज उल्हासनगरला जाते, माझ्या पायांवर कधी ओतलं नाहीत.” त्या म्हणाल्या, “तू कंदी गेलीस गो? तू तं हितंच हायेस.” खोटं नव्हतं ते.

मग अंबरनाथची कंपनी बंद झाली. आधी एक शिफ्ट, मग दुसरी, मग गेटवर कुलूप. आता तिथं गोडाऊन आहे. आसपासच्या कंपन्यांत हे महिनाभर फिरले. चाळिशीला टेकलेला फिटर कुणालाच नको असतो. पोरं निम्म्या पगारात मिळतात आणि ओव्हरटाइमला नाही म्हणत नाहीत. त्याच सुमाराला जुन्या टोळीतल्या एका मुकादमानं सांगितलं की तिकडे वाळवंटात सोलरचं प्रचंड काम निघालंय. मैलोन्‌मैल पॅनल बसवायचेत, लोखंडी सांगाडे उभे करायचेत, आणि हात कमी पडतायत. तिकीट मीच काढलं. हिरवी अक्षरं, हवी ती खिडकी.

त्यांना सोडायला मी कल्याणला गेले होते. डबा खरोखर रिकामा होता. एका टोकाला दोन फौजी पत्ते खेळत होते, बाकी सगळं आमचंच. हे समोरच्या बाकावर पाय पसरून बसले आणि म्हणाले, “बघ, सरकारनं माझ्यासाठी गाडी सोडलीय.” मी पुरचुंडी हातात दिली आणि म्हटलं, “राजेसाहेब, मूठ विसरू नका.” दोघंही हसत होतो. शटडाऊनच तर होता, जरा लांबचा.

सासूबाईंनी विचारलं, “कवा येल?” मी म्हटलं, “प्लँट सुरू झाला की.”

इथं आमचं चुकलं. माझं एकटीचं नाही, अंबरनाथपासून बदलापूरपर्यंत प्रत्येक फिटरच्या घरात हीच चूक झाली. आम्हाला प्लँट म्हणजे आधीपासून उभा असलेला, थोडे दिवस बंद पडलेला, पुन्हा सुरू होणारा, एवढंच माहीत होतं. जिथं काहीच नाही तिथं नवा उभा राहतो आणि तो राहताना माणसंही तिथलीच होऊन जातात, हे आमच्यापैकी कुणी पाहिलेलं नव्हतं. ज्यांच्या नवऱ्यांनी जन्मभर बंद कारखाने चालू केले त्या बायकांना दुसरं काय सुचणार?

पहिल्या वर्षी सगळं ठीक चाललं. दर दोन महिन्यांनी यायचे. आयत्या वेळी स्टेशनवर जायचं, तिकीट घ्यायचं, आडवं व्हायचं. टीसीशी दोस्ती झाली होती, तो यांच्या डब्यातला भात खायचा. पुरचुंडी परत यायची, मूठ कोठीत पडायची, तांब्या पायांवर रिता व्हायचा. येताना रंग थोडा काळवंडलेला असायचा, बाकी तेच.

दुसऱ्या वर्षी गाडी भरायला लागली. मला ते पडद्यावर दिसलं. आधी खिडक्या गेल्या, मग खालचे बर्थ, मग हिरव्याचं पिवळं झालं आणि एक दिवस लाल. वेटिंग. त्या गाडीला वेटिंग मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. शेठना बोलावून दाखवलं तर त्यांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. मग काउंटरसमोर रांगच लागली. अंबरनाथचे वेल्डर आले. उल्हासनगरात जीन्स धुण्याचे कारखाने बंद पडले होते, तिथले कामगार आले. वांगणीच्या वरच्या पाड्यांवरची माणसं आली, ज्यांनी भातलावणी आणि लाकूडफाटा सोडून दुसरं काम केलं नव्हतं. ती खड्डे खणायला निघाली होती. त्यातल्या एकानं मला विचारलं, “ताई, तिकडं पाणी हाय का?” मी म्हटलं, “माझा नवरा तिथंच आहे, जिवंत आहे, म्हणजे असेल.” तो बिचारा हसलाही नाही. शेठनी त्या आठवड्यात सगळ्यांना दालपकवान मागवलं. धंदा इतका कधी झाला नव्हता.

पण लवकरच आमचेही हात रिकामे राहायला लागले. बुकिंग उघडलं की डबेच्या डबे ठेकेदारांची माणसं उचलायची, टोळीच्या टोळीची नावं एकदम. तत्काळ उघडते तेव्हा सुरुवातीचा वेळ आम्हा एजंटांना बंदी. आम्हाला शिरायला मिळेपर्यंत पडदा लाल. शेठची जुनी गिऱ्हाइकं येऊन परत जायची. एक म्हातारं सिंधी जोडपं होतं, दर वर्षी बहिणीकडे जाणारं. त्यांना दोन सलग सीझन तिकीट मिळालं नाही. मग ती दोघं दुकानात यायचीच बंद झाली. शेठना विचारलं तर म्हणाले, “बस से गए साईं. अब गए तो गए.” मारवाडी कुटुंबांनीही स्लीपर बस धरली. गाडी खचाखच भरलेली आणि तिची स्वतःची माणसं तिच्याबाहेर, असा प्रकार.

आणि दिव्याखाली अंधार म्हणतात तो माझ्या घरी. अख्ख्या गावाची तिकिटं काढणाऱ्या बाईच्या नवऱ्याला घरी यायला बर्थ नव्हता.

आम्हाला मूल नव्हतं. नाही. हे मी सहसा सांगत नाही, कारण सांगितलं की लोक आवाज बारीक करून बोलतात आणि माझं डोकं फिरतं. पण इथं सांगायला हवं. तेव्हा वय हातात होतं, थोडंसं. उल्हासनगरातल्या डॉक्टरीणबाईंकडे उपचार सुरू होते. गोळ्या, इंजेक्शनं, सगळं मी निभावत होते, पण महिन्यातल्या ठरावीक दिवसांत दोघांनीही इथं असायला हवं होतं. बाईंनी कॅलेंडरवर गोल करून दिला. त्या गोलात नवरा आणून बसवायचा, एवढंच काम होतं माझं. आणि मी तिकिटांच्या दुकानात बसणारी! मला वाटलं, हे तर माझ्या हातचं आहे.

पहिल्या वेळी हे जनरलच्या डब्यात दाराजवळ बसून आले. बसून म्हणजे उकिडवे, एका टूलबॉक्सवर. गाडी उशिरा सुटली, वाटेत रखडली, आले तोवर गोल मागे पडला होता. पाय सुजले होते. सासूबाईंनी पाणी ओतलं तेव्हा ते कण्हले, आणि मग घरी येऊन झोपले ते उठलेच नाहीत दुसऱ्या दुपारपर्यंत. मी शेजारी बसून पंख्याकडे बघत राहिले. दुसऱ्या वेळी त्यांना चढताच आलं नाही. आत इतकी माणसं होती की दार आतून धरून ठेवलं होतं. बाहेरच्यांनी ठोकलं, शिव्या दिल्या, गाडी निघून गेली. हे फलाटावरून फोनवर म्हणाले, “सॉरी गं.” मी म्हटलं, “तुम्ही कशाला सॉरी, गाडी म्हणू दे.” फोन ठेवला आणि समोरच्या गिऱ्हाइकावर उगाच खेकसले. तो बिचारा बंगळूरचं तिकीट मागत होता.

तिसऱ्या वेळी मी कॅलेंडरवरचा गोल त्यांना कळवलाच नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पुढच्या वर्षी बघू. त्या हे ज्या मायेनं म्हणाल्या त्यावरून मला समजलं की पुढचं वर्ष असं काही नसतं. त्या दिवशी मी हेंद्रेपाड्याच्या खोलीत बसून रडले. जोरात रडले, शेजारणीला ऐकू गेलं असेल तर जाऊ दे म्हणून. कोणावर रागवायचं तेही कळेना. त्या वेल्डरांवर? त्यांच्याही बायका कुठं तरी वाट बघत होत्या. मी त्या गाडीवरच रागावले. आजही आहे.

मग स्पेशल गाडी सुरू झाली, खास त्या कामाच्या गर्दीसाठी. शेठनी कॉम्प्युटरला झेंडूची माळ घातली. पहिल्याच सकाळी ती स्पेशल भरून गेली आणि माळ चार दिवसांनी मीच काढली, की-बोर्डवर पाकळ्या पडत होत्या म्हणून.

हे आता वर्षातून दोनदा यायचे. पुरचुंडी यायची, मूठ यायची. पण माणूस बदलत होता. पूर्वी घरी आले की तासाभरात नाक्यावर, तिथून ओरडतच परत, “अगं, अमका भेटला, तमका भेटला.” आता खिडक्या लावून बसायचे. समोरच्या बिल्डिंगचं काम चालू होतं, खाली कुणाच्या तरी हळदीचा डीजे होता, त्यात काय नवं होतं? “किती आवाज गं,” म्हणायचे. मी म्हणायचे, “हा आवाज तुमच्या जन्माच्या आधीपासून आहे.” हसायचे थोडेसे. एकदा मी कूकर लावला आणि शिट्टी झाली तशी ते दचकून उठून उभे राहिले. मला वाटलं, थकलेत. थकलेल्या माणसाला काय विचारायचं?

आणि एका सकाळी फोन आला. “काल सुरू झाला,” हे म्हणाले. प्लँट सुरू झाला होता. मी दुकानातून अर्धी सुट्टी घेतली, रिक्षानं थेट सोनिवलीला गेले आणि अंगणातूनच ओरडले, “आई, सुरू झाला!” सासूबाई सुपात काही तरी निवडत होत्या. त्या उठल्या आणि तांब्या घासायला बसल्या. तो तांब्या त्यांनी चिंच लावून घासला, पार पिवळा जर्द केला, आणि दाराशेजारच्या कोनाड्यात पालथा घालून ठेवला.

पुढचे काही आठवडे परतीच्या गाड्या भरून वाहत आल्या. मी कल्याणला गेले तेव्हा फलाटावर टूलबॉक्स, कूलर, गाद्यांच्या वळकट्या, रंग उडालेली हेल्मेटं, असा संसारच्या संसार उतरत होता. वेल्डर आले, वांगणीचे लोक आले. एक ओळखीचा रिगर भेटला, यांच्या टोळीतला. मी विचारलं, “आमचे?” तो म्हणाला, “वहिनी, त्यांना ठेवलंय ना मेंटेनन्सला. बोलले नाहीत?” आणि मग त्याला बायको दिसली, तो तिकडे गेला.

फोन केला. हे म्हणाले, थोड्या दिवसांचं आहे, सगळ्यांना काढलं, मोजक्यांना ठेवलं, नशीब समज. मी नशीब समजले. सासूबाईंना सांगितलं, प्लँट नवा आहे, जरा बघावा लागतो. त्या म्हणाल्या, “सुरू झाला ना पन?” मी म्हटलं, “झाला.” त्यांनी कोनाड्याकडे बघितलं.

इकडे पडदा हळूहळू उलटा फिरला. लालाचं पिवळं, पिवळ्याचं हिरवं. स्पेशल बंद झाली. मग मूळ गाडीच्या खिडक्या मोकळ्या झाल्या, मग खालचे बर्थ, मग सगळंच. बसला गेलेली जुनी गिऱ्हाइकं काही परत आली नाहीत. त्यांना बसची सवय झाली होती. म्हणजे गाडी पूर्वीपेक्षाही रिकामी. शेठ माझ्या खांद्यावरून डोकावून म्हणाले, “लो, भूतगाडी वापस.” पण यावेळी ते हसले नाहीत.

मी रोज दुकान उघडलं की पहिलं काम तेच करायची. तिकडून कल्याण, उद्याची तारीख. जागाच जागा. फोनवर सांगायची, “अहो, खिडकी आहे. खालचा आहे. अख्खा डबा आहे, काढू का?” ते म्हणायचे, “बघू.” दिवाळीला बघू, संक्रांतीला बघू. एकदा मी न विचारताच काढलं. कन्फर्म, खिडकी, खालचा बर्थ. ज्याच्यासाठी मी देवाला नवस बोलले असते तसं तिकीट. मोबाइलवर पाठवलं आणि कल्याणला जाऊन उभी राहिले. गाडी आली. मी डब्यात चढले, नंबर शोधला. बर्थवर ऊन पडलं होतं. समोरच्या बाकावर एक बाई संत्रं सोलत होती, ती म्हणाली, “यहाँ कोई नहीं आया बहनजी, बैठ जाओ.”

मग मीच गेले. सासूबाईंना सांगितलं, घेऊन येते. त्यांनी पुरचुंडी बांधली नाही. म्हणाल्या, “तू कुठं ऱ्हानार हायेस?”

गाडीत मी जवळपास एकटी होते. आडवी झाले, उठले, या खिडकीतून त्या खिडकीत गेले. एवढ्या वर्षांत या गाडीची हजारो तिकिटं विकली आणि बसले पहिल्यांदाच. या बाकांवर, या दाराजवळ ती सगळी माणसं कशी मावली असतील याचा विचार करत होते. दाराजवळच्या पत्र्यावर कुणी तरी खिळ्यानं मराठीत लिहिलं होतं, अंबरनाथ पूर्व. बाकी काही नाही. मी त्यावरून बोट फिरवलं.

स्टेशनवर हे आले होते. अंग उतरलेलं नव्हतं, उलट तब्येत चांगली होती. तेच मला जास्त लागलं. जीपमधून गेलो. कुंपण लागलं आणि कुंपणाच्या आत काळ्या काचा, दिसेल तिथवर काचा. माणूस नाही, झाड नाही, कुत्रं नाही. एवढं काम करायला आमच्या तीन गावांची माणसं गाडीत कोंबून नेली होती, आणि आता ते सगळं कुणाशिवाय आपलं आपण चालत होतं. मोजके लोक उरले होते. पॅनल धुवायचे, जोड तपासायचे, बिघडलं तर फोन करायचा. त्यांच्या खोलीत बायकांना परवानगी नव्हती, म्हणून कॅन्टीनच्या शेडमध्ये बसलो. यांनी माझ्यासाठी चहा आणला, दोन्ही हातांत दोन ग्लास, एकही थेंब न सांडता.

“चला आता,” मी म्हटलं. “प्लँट सुरू झालाय.”

“अंबरनाथला मला कोण घेणार गं?”

“कोणी नको घेऊ दे. मी कमावते ना. आईचं खाचर आहे. रिक्षा चालवा. काहीही करा.”

ते काचांकडे बघत म्हणाले, “तिथं मला झोप लागत नाही.”

“म्हणजे?”

“माणसं सहन होत नाहीत आता. तू नाही. म्हणजे... तू नाही गं. पण सगळी माणसं. त्या गाडीत एवढी माणसं अंगावर यायची, श्वास घेता यायचा नाही. उतरलो तरी ती अंगावरून उतरत नाहीत. इथं बरं वाटतं.”

मी भांडले. मी गप्प बसणारी बाई नाही, सगळ्या बदलापूरला माहीत आहे. कॅन्टीनवाला बाहेर निघून गेला इतकी भांडले. डॉक्टरीणबाईंचा गोल काढला, सुजलेले पाय काढले, आईचा तांब्या काढला. ते ऐकत होते, मान खाली घालून, एका शब्दानंही उलट न बोलता. भांडणात समोरचा उलट बोलला नाही की आपलेच शब्द आपल्यावर पडतात. शेवटी मी म्हटलं, “मग मी येते इथं राहायला.”

“फॅमिली अलाऊड नाही,” ते म्हणाले. लगेच म्हणाले. जरासुद्धा विचार न करता.

निघताना ते खोलीवर गेले आणि ती जुनी पुरचुंडी घेऊन आले. आत मूठभर तांदूळ होता, आमचा लालसर, जाड. राखून ठेवलेला. “ही आईला दे. कोठीत टाक म्हणावं.”

“ती ज्यानं नेली त्यानं टाकायची असते,” मी म्हटलं.

“तू टाकलीस तरी कोठी तीच ना.”

मी घेतली. नाही घेतली असती तर? हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. ते त्या गाडीच्या मागे धावत आले असते असं काही नाही.

परतीच्या डब्यात तर टीसीसुद्धा एकदाच येऊन गेला. मला म्हणाला, “जहाँ मर्जी बैठो.” एके काळी याच एका वाक्यासाठी मी जीव टाकला असता. मी दाराजवळच्या बाकावर बसले, पुरचुंडी मांडीवर ठेवून, आणि कल्याणपर्यंत कुणी माझ्याशी बोललं नाही.

कल्याणहून बदलापूर, तिथून रिक्षानं सरळ सोनिवली. अंगणात सासूबाई नव्हत्या, मागे भांडी घासत असल्याचा आवाज येत होता. मी चपला काढल्या, आत गेले, कोठीचं झाकण उघडलं. माझा विचार होता की गुपचूप टाकायचं आणि मग सावकाश सांगायचं. पण हंगाम सरत आला होता, कोठी तळाला गेली होती, आणि रिकाम्या पत्र्यावर मूठभर तांदूळ पडला तो खडखडून वाजला.

मागची भांडी थांबली.

“आयला का गो?” सासूबाईंनी तिथूनच विचारलं. मी उत्तर देण्याआधीच त्यांची पावलं वाजली. एवढ्या भराभर चालताना मी त्यांना कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. मी बाहेरच्या खोलीत आले तर त्यांनी तांब्या भरूनही घेतला होता आणि त्या उंबऱ्यावर उभ्या राहून अंगणात बघत होत्या. अंगण रिकामं. फाटकाशी माझी रिक्षा वळत होती. त्या तिच्या मागे बघत राहिल्या, कुणी पैसे द्यायला मागे राहिलं असेल म्हणून. तांब्या दोन्ही हातांत घट्ट धरलेला होता, काठोकाठ.

मी त्यांच्या बाजूनं बाहेर पडले, अंगणात उतरले, उंबऱ्याकडे तोंड करून उभी राहिले आणि पाय पुढे केले.

“मी आलेय, आई,” मी म्हटलं. “घाला पाणी.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या पायांकडे. मग वाकल्या आणि ओतलं. पाणी गार होतं. पण सगळं नाही ओतलं. अर्धा तांब्या झाला तशा थांबल्या, सरळ झाल्या, आणि उरलेलं पाणी तसंच आत नेऊन त्यांनी कोनाड्यात ठेवलं, वर वाटी झाकून.